खेड्यातील मुले आणि इंग्रजी वाचन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सोलापूर येथे झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचे स्मरण करावे, ज्यांच्या श्रमांवर आपण उभे आहोत त्यांचे ऋण मानावे आणि पुढील पिढीकरिता काही एक संकल्प करावा, अशी आपली रीत आहे. पहिली दोन कर्तव्ये आमच्या आधीच्या वक्त्यांनी आमच्याहून उत्तम रीतीने पार पाडली आहेत. तिसरे आमच्या वाट्यास आले आहे. आमचे सारे आयुष्य खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुलांस अक्षरे शिकवण्यात गेले. ज्याचा जो व्यवसाय त्याने त्याविषयीच बोलावे, म्हणजे चुका कमी होतात. म्हणून खेड्यातील लहान मुले इंग्रजी वाचावयास कशी शिकतात, आणि पुष्कळदा का शिकत नाहीत, एवढाच विषय आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहो.

हा विषय केवळ शाळामास्तरांचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या धर्मग्रामात मागावर काम करणारे, मोटार चालवणारे, रुग्णालयांत शुश्रूषा करणारे, शेतमजुरी करणारे असे सर्व प्रकारचे लोक आहेत. परंतु आपल्या मुलास इंग्रजी यावे ही इच्छा सर्वांच्या घरी सारखीच आहे. तिच्यासाठी कित्येक माता अंगावरचा दागिना मोडतात, कित्येक पिते कर्ज काढतात. ह्या इच्छेचा आम्ही मनापासून आदर करतो, आणि म्हणूनच ती फसू नये असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वर्गात चौथीत एक मुलगी होती. तिचे वडील रोज पहाटेच्या एस.टी.ने सोलापुरास येऊन यंत्रमागावर काम करीत. एके दिवशी ती एक नवा टॉवेल खांद्यावर टाकून शाळेत आली. त्याच्या कोपऱ्यास चिकटवलेल्या कागदी पट्टीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘टॉवेल’ हा शब्द छापलेला होता. आम्ही तिला म्हटले, “बाळ, हे वाच बघू.” तिने बोट ठेवून एकेक अक्षर न चुकता म्हटले : टी, ओ, डब्ल्यू, ई, एल. “म्हणजे काय झाले?” असे विचारताच ती गप्प झाली. पुन्हा अक्षरे म्हटली, पुन्हा गप्प झाली. टॉवेल हा शब्द तिच्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारला जात असे. त्या घराची चूलच त्या शब्दावर पेटत होती. अक्षरे ठाऊक होती, शब्द ठाऊक होता, वस्तू तर खांद्यावर होती. आणि तरीही तिन्हींची गाठ पडत नव्हती. दोष मुलीचा नव्हता, कारण ती अक्षरे तिला आम्हीच शिकवली होती.

आम्ही ती कशी शिकवली होती? जशी आम्हांस शिकवली गेली, तशीच. सारा वर्ग एका सुरात म्हणे : “सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा.” रस्त्याने जाणाऱ्यास वाटे, काय जोरात अभ्यास चालला आहे! परंतु ह्या घोषात तीन निरनिराळ्या वस्तू एकीपुढे एक मांडलेल्या असतात आणि त्यांस ओवणारा दोरा कोठेच नसतो. सी, ए, टी ही तीन नावे कितीही भराभर उच्चारली तरी त्यांचे ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ कधीच होत नाही. मग ‘कॅट’ कोठून आले? गुरुजींनी सांगितले म्हणून आले! मुलास त्यातून इतकेच कळते की, इंग्रजी ही गुरुजींनी सांगावयाची आणि आपण लक्षात ठेवावयाची गोष्ट आहे. असा मुलगा सबंध पाठ घडाघडा म्हणून दाखवतो. परंतु पानाच्या मध्यावरील एखाद्या शब्दावर बोट ठेवून “हा कोणता?” असे विचारले, तर तो पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दाशी येतो. ह्यास पाठांतर म्हणावे. वाचन म्हणता येणार नाही.

आपल्यातील वृद्ध मंडळींस ह्यासारखा एक अनुभव आठवेल. द्वितीय व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिन भाषेत होत असे, आणि वेदीजवळ सेवा करणारी मुले लॅटिन प्रत्युत्तरे तोंडपाठ करीत. त्यांची भक्ती खरी होती ह्यात संशय नाही. तथापि त्या पाठांतराने कोणी लॅटिन वाचावयास शिकला असे म्हणता येणार नाही. १९६३ साली परिषदेने उपासनाविधीत लोकभाषेस वाव दिला, आणि पुढे आपल्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. जे मुखाने म्हणावयाचे ते मनास कळलेही पाहिजे, हे ख्रिस्तसभेने वेदीपाशी मान्य केले. तेच शाळेने फळ्यापाशी मान्य करावे, एवढीच आमची मागणी आहे.

आता मुलापुढे अडचण नेमकी कोणती असते ते पाहू. त्यासाठी आपल्याच परंपरेतील एका थोर पुरुषाकडे वळावे लागेल. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील लोकांची भाषा आत्मसात करून ‘क्रिस्तपुराण’ हा मोठा ओवीबद्ध मराठी ग्रंथ रचला. तो १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापला गेला, आणि छापला गेला तो रोमन लिपीत! म्हणजे ज्या अक्षरांस आज आपण इंग्रजी अक्षरे म्हणतो, त्याच अक्षरांत शुद्ध मराठी छापली होती. वाचणारास मराठी येत असल्यामुळे ती अक्षरे मराठीच बोलत. अक्षरे म्हणजे भाषा नव्हे, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता हवा?

स्टीफन्स साहेबांची स्वतःची इच्छा मात्र येथील लिपीत छापण्याची होती. १६०८ साली रोमला पाठवलेल्या एका पत्रात त्यांनी ह्या लिपीचे खिळे पाडण्याविषयी लिहिले आहे. साचे सुमारे सहाशे लागतात, परंतु ते दोनशेपर्यंत खाली आणता येतील, असा त्यांचा हिशेब होता. ह्या हिशेबात आमच्या विषयाचे मर्म सापडते. आपली लिपी मुलाकडून शेकडो आकारांची ओळख मागते. परंतु त्या आकारांस शिस्त आहे. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो आणि ‘म’ला काना दिला की ‘मा’ होतो. हा नियम एकदा कळला की पुढे सांगणारा लागत नाही. रोमन लिपी फक्त सव्वीस अक्षरे मागते, मोठी व लहान धरून बावन्न. परंतु इंग्रजी भाषा त्या सव्वीस अक्षरांकडून चाळिसांहून अधिक ध्वनींचे काम करून घेते. आपली लिपी आरंभी कठीण आणि पुढे सोपी आहे; इंग्रजी आरंभी सोपी आणि पुढे कठीण. सव्वीस अक्षरे महिन्याभरात पाठ होतात. बापास वाटते, मुलाचे निम्मे इंग्रजी झाले. वास्तविक अजून दारही उघडलेले नसते.

ह्यात भर अक्षरांच्या नावांची. आपल्या ‘म’चे नाव ‘म’ हेच आहे. नाव आणि ध्वनी ह्यांत भेद नाही. इंग्रजीत बी, डी, टी ह्यांच्या नावांत ध्वनी आरंभी असतो. एफ, एल, एम, एन, एस ह्यांच्या नावांत तो शेवटी असतो. एच, डब्ल्यू आणि वाय ह्यांच्या नावांत त्यांचा नेहमीचा ध्वनी मुळीच नसतो. सी आपल्या नावात ‘स’ म्हणते आणि ‘कॅट’मध्ये ‘क’ म्हणते. ए ह्या अक्षराचे ‘कॅट’, ‘केक’, ‘कार’ आणि ‘बॉल’ ह्या चार शब्दांत चार उच्चार होतात. टॉवेलवाल्या मुलीची वाट डब्ल्यूनेच अडवली होती. त्या नावातून ‘व’ कसा काढावा, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

एका अक्षराचे दोन उच्चार हा प्रकार मराठी मुलास अगदी अपरिचित आहे, असे मात्र नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द आपण आताच उच्चारून पाहावे. ‘च’ एकच, परंतु ‘चार’ म्हणताना जीभ टाळूस लागते आणि ‘चारा’ म्हणताना ती दातांपाशी येते. छापील पानावर ह्या भेदाची काहीच खूण नसते. तरीही दुसरीतील मुलगा ‘बैलाला चारा घाल’ हे वाक्य अचूक वाचतो. का? तर चारा हा शब्द त्याने शंभर वेळा ऐकला आहे आणि चारा स्वतःच्या हातांनी बैलापुढे टाकला आहे. डोळा त्यास अक्षरापर्यंत नेतो. तेथून शब्दापर्यंत त्यास कान नेतो. इंग्रजी वाचतानाही हेच व्हावयास पाहिजे. परंतु खेड्यातील मुलाच्या कानात इंग्रजी शब्दांचा साठा फार थोडा असतो, आणि त्यास अर्ध्या वाटेवर सोडून आपण पुढे जातो.

गफ व टन्मर ह्या दोघा विद्वानांनी १९८६ साली हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. त्यांच्या मते वाचन म्हणजे अक्षरे उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती ह्यांचा गुणाकार होय. गुणाकार म्हटला, बेरीज नव्हे, हे ध्यानात घ्यावे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येते. आमच्या मुलीजवळ शब्द होता, उलगडणे नव्हते. घडाघडा वाचणाऱ्या कित्येक मुलांजवळ उलगडणे असते, अर्थ नसतो.

मुलांवर रागावणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. “पी यू टी पुट, तर बी यू टी बट का?” असे विचारणारा मुलगा मंद नसतो, तो विचार करीत असतो. इंग्रजीचे लेखन असे का झाले ह्यास इतिहास आहे. कॅक्स्टन ह्याने इंग्लंडात छापखाना काढला तो १४७६ साली. छापील पुस्तकांमुळे शब्दांची अक्षरे हळूहळू ठरून गेली. परंतु लोकांचे उच्चार त्या काळी आणि पुढेही बदलत राहिले. ‘नाइफ’ ह्या शब्दाच्या आरंभी आज मुकाट बसलेला ‘के’ एके काळी उच्चारला जात असे. म्हणून पुष्कळसे इंग्रजी शब्द नियमाने वाचता येतात, आणि थोडे शब्द जसे आहेत तसेच ओळखून ठेवावे लागतात. शिक्षकाने आधी नियमाचे शब्द द्यावेत, अपवाद मागाहून आणावेत. आपण बहुधा दोन्ही एकाच दिवशी देतो आणि मुलाचा नियमावरचा विश्वासच उडवतो.

आपल्या राज्यात पूर्वी मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ पाचवीत होत असे. तोपर्यंत मुलाचे मराठी वाचन पक्के झालेले असे. ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मागील पिढ्या इंग्रजी शिकल्या, तीही मराठी वाचता येते असे गृहीत धरूनच चालते. २००० सालच्या जूनपासून, प्राध्यापक रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. खेड्यातील मुलास शहरातील मुलाइतकीच संधी मिळावी हा त्यामागील हेतू स्तुत्य होता, आणि तो निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु वर्ष लवकर आले म्हणून वाचन लवकर आले असे झाले नाही. ‘असर’ नावाची पाहणी देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांस वाचावयास लावते : आधी मोठी अक्षरे, मग लहान अक्षरे, मग शब्द, मग सोपी वाक्ये, आणि जो वाक्य वाचतो त्यास त्याचा अर्थही विचारते. २०२२ सालच्या पाहणीत देशातील ग्रामीण भागात पाचवीच्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांसच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. २०१६ सालीही हे प्रमाण जवळजवळ एवढेच होते. चार मुलांपैकी तीन मुले पाच वर्षे शाळेत बसून एका सोप्या वाक्यापाशी अडतात, ह्याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्याची स्थिती तर आणखी निराळी आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कित्येक गावांत घरची भाषा कानडी आहे. तांड्यांवर बंजारा बोली चालते. शहरातील विणकरांच्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. अशा मुलास शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा, आणि इंग्रजी तिसरी. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कित्येक मुले आईबापांबरोबर कारखान्यांच्या तळांवर राहतात. परत येईतो वर्ग पुढे गेलेला असतो. मराठी वाचन मुलगा कसेबसे पुन्हा गाठतो, कारण भाषा सभोवार असते. इंग्रजीचा तुटलेला धागा मात्र घरी कोणी जोडून देत नाही.

शिक्षकाचीही बाजू पाहिली पाहिजे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार, शिक्षक दोन. म्हणजे एकेकापुढे दोन वर्ग. तीस मुलांकडून अर्ध्या तासात वाचून घ्यावयाचे ठरवले तर दर मुलाच्या वाट्यास एक मिनिट येते. मग सामुदायिक घोषाचा आश्रय कोण घेणार नाही? आम्हीही घेतला. त्या शिक्षकांस आम्ही दोष देत नाही. त्यांची वाट आम्ही चाललो आहो.

मग करावे काय? टॉवेलच्या त्या प्रसंगानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत आम्ही जे करून पाहिले, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम कान. पहिली-दुसरीत इंग्रजी ऐकवावे आणि बोलवावे; ‘कम हिअर’, ‘ओपन द डोअर’, ‘शो मी युअर हँड्स’ अशा आज्ञा द्याव्यात आणि मुलांनी त्या करून दाखवाव्यात. खेड्यातील मूल अगदी रिकाम्या कानाने येते असेही नाही. बस, बॅट, बॉल, पेन, डॉक्टर, टॉवेल, मोबाइल हे शब्द ते घरूनच आणते. ह्या पाहुण्यांसाठी तर आपण आपल्या लिपीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्या दोन नव्या खुणा करून घेतल्या. आरंभ ह्याच शब्दांनी करावा.

दुसरे, ध्वनी. अक्षराचे नाव मागाहून, ध्वनी आधी. आणि सव्वीस अक्षरे ओळीने एकदम नकोत. स, ॲ, ट, इ, प, न एवढ्या सहा ध्वनींची अक्षरे प्रथम घेतली तर ‘सॅट’, ‘टॅप’, ‘पिन’, ‘टिन’, ‘पॅन’ असे कितीतरी शब्द पहिल्याच महिन्यात मुलास स्वतः जुळवता येतात. इंग्लंडातील शाळांतही ह्याच थोड्या अक्षरांनी आरंभ करण्याची पद्धत रूढ आहे. जो मुलगा एक शब्द न सांगता स्वतः जुळवतो, त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. लहान अक्षरे आधी द्यावीत, कारण पुस्तकातील बहुतेक मजकूर लहान अक्षरांतच असतो. लहान ‘बी’ आणि लहान ‘डी’ एका आठवड्यात शिकवू नयेत. एकाचे पोट उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे, एवढाच त्यांत भेद, आणि आपल्या लिपीत अशा उलट आकारांची सवय नसते.

तिसरे, मराठीचा आधार. अक्षराखाली काही दिवस मराठी ध्वनी लिहून द्यावा, जसे भिंत बांधताना पहाड उभारतात. परंतु भिंत झाली की पहाड काढून घ्यावा लागतो; तो तसाच राहिला तर मुलगा मराठीच वाचत राहतो आणि इंग्रजी अक्षरांकडे पाहतही नाही.

चौथे, अर्थ. मुलाने आपल्याविषयी एक वाक्य मराठीत सांगावे. शिक्षकाने ते इंग्रजीत फळ्यावर लिहावे. मुलाने ते वाचावे. ‘धिस इज माय गोट’ हे वाक्य ज्याच्या दारी शेळी आहे तो कधी विसरत नाही. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ असे नियमाबाहेरचे थोडे शब्द रोज डोळ्यांपुढे येत असल्याने ह्याच वाक्यांतून ओळखीचे होऊन जातात.

कान घरी तयार कसा व्हावा, ही अडचण उरतेच. ह्या बाबतीत आपल्याच जिल्ह्याने जगास एक गोष्ट दाखवली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्याद्वारे पाठ, कविता आणि ध्वनिफिती मुलांपर्यंत पोहोचवण्याचे त्यांचे काम सर्वश्रुत आहे. दहा लक्ष डॉलरांच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. बापाच्या हातातील मोबाइल पाठ उच्चारून दाखवू शकतो, ही सोय आमच्या वेळी नव्हती. परंतु यंत्र ऐकवते. मुलाचे वाचन ऐकून घेणारा मात्र माणूसच लागतो.

येथे कोणी विचारील, “गुरुजी, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलास सरळ इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले तर?” आम्ही कोणत्याही शाळेस नावे ठेवीत नाही, तेथून उत्तम शिकून निघालेली मुले आपल्यासमोर बसलेली आहेत. परंतु ज्या घरी इंग्रजी बोलले जात नाही, त्या घरच्या मुलास मराठी वाचन पक्के होण्यापूर्वी इंग्रजीत लोटले, तर गुणाकारातील दोन्ही संख्या लहान राहण्याचे भय असते. तो मराठी वर्तमानपत्र वाचीत नाही आणि इंग्रजी पुस्तक समजत नाही. अक्षरांतून अर्थ काढण्याची विद्या मनुष्य मूलतः एकदाच शिकतो, आणि ज्या भाषेत तो हसतो, भांडतो आणि प्रार्थना करतो त्या भाषेत ती सर्वांत सुलभतेने शिकतो. ती एकदा आली की दुसऱ्या भाषेत तिला नवे कपडे तेवढे घालावे लागतात. म्हणून इंग्रजी कानाने पहिलीपासून यावे, आणि डोळ्यांनी यावे ते मराठी वाचनाचा हात धरून, असा आमचा अभिप्राय आहे. ज्या घरची भाषा कानडी किंवा तेलुगू आहे, तेथे त्या भाषेतील गोष्टी मुलास आवर्जून सांगाव्यात. भाषेची श्रीमंती कोणत्याही नाण्यात असली तरी ती वाया जात नाही.

आता संकल्पाविषयी. हे सभागृह आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी बंद असते. त्यांपैकी दोन संध्याकाळी ते मुलांसाठी उघडावे. एक मूल आणि एक मोठे माणूस अशी जोडी बसावी. मुलाने दहा मिनिटे मराठी वाचावे, पाच मिनिटे इंग्रजी. शाळेत एक मिनिट मिळते, तेथे येथे पंधरा मिळतील. आपल्यातील परिचारिका, महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, निवृत्त मंडळी ह्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. ज्यांस स्वतःस वाचता येत नाही त्यांनीही संकोच करू नये. त्यांनी मुलास एवढेच विचारावे : “ह्याचा अर्थ काय, मला मराठीत सांग.” ह्याहून चांगली परीक्षा आम्हांस ठाऊक नाही. चौथीपुढील मुलांस रविवारच्या मिस्सेत मराठी वाचन करण्याची संधी आळीपाळीने द्यावी. आपल्या आवाजाकडे सारी मंडळी लक्ष देते आहे, हे कळले की मूल अर्थाकडे लक्ष देते. आणि हंगामात जवळच्या कारखान्याच्या तळावर आलेली मुले येथे आणता आली, तर त्यांचा धर्म, गाव, भाषा न विचारता त्यांस पहिली जागा द्यावी. ह्यास देणगी लागणार नाही. दिवा, सतरंजी, थोडी पुस्तके आणि धीर एवढेच लागेल.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. ती आमच्याजवळ आणखी काही महिनेच होती. आम्ही तिच्यासह साऱ्या वर्गास पुन्हा आरंभापासून, ध्वनींपासून शिकवावयास घेतले. एके दिवशी तिने दप्तरात जपून ठेवलेली ती कागदी पट्टी बाहेर काढली, तिच्यावर सावकाश बोट फिरवले आणि म्हणाली, “टॉ... वेल. टॉवेल!” मग क्षणभर थांबून विचारले, “गुरुजी, ह्या अक्षरात ‘व’ आहे, तर मग त्याचे नाव डब्ल्यू का?” आम्ही सांगितले, दोन यू जोडून ते झाले, म्हणून ‘डबल यू’. तिने पट्टीकडे पुन्हा निरखून पाहिले आणि म्हणाली, “पण हे तर दोन व्ही दिसतात.” आम्ही पाहिले, तो खरोखरच तसे होते.

जे मूल छापील अक्षराशी असा वाद घालू लागते, ते वाचावयास शिकले असे समजावे. अशी मुले आपल्या सभागृहात पुढील महोत्सवापर्यंत शेकड्यांनी बसून वाचोत, एवढी आमची प्रार्थना आहे.